चौदा नंबरचा जिना, अडतिसावी ओळ

रोज सकाळी साडेसहाला, कॉफी उकळायच्या आधी, व्हर्जिल कुचेरा सपाता घालून अंगणात जायचे आणि जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने पिकअपची समोरची काच पुसायचे. गाडी त्या दिवशी बाहेर निघणार असो वा नसो. थंडीत आधी काचेवरचा बर्फ खरवडायचे, मग पुसायचे. मी वरच्या खोलीत राहायला आले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि पहिले काही आठवडे मला वाटायचं, हे आता कुठेतरी निघाले. ते कुठेही निघत नसत. काच पुसून झाली की बोळा कचऱ्यात टाकून आत यायचे आणि म्हणायचे, "आज वारा उत्तरेचा."

बोळ्यासाठी ते नेहमी खेळाचंच पान घेत. बाकीचं वर्तमानपत्र स्वयंपाकघरात नीट घडी करून ठेवलेलं असे.

अडतीस वर्षं त्यांनी विल्सन क्रीकच्या आसपासच्या शेतांवर टपाल वाटलं होतं. पत्रांच्या पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, आणि गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणून दोन सीटच्या मधोमध बसून, डावा हात आणि डावा पाय लांबवून गाडी चालवायची आणि उजव्या हाताने पेट्या उघडायच्या. त्यामुळे त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. कोट घातला की तो तिरका दिसायचा. त्यांची बायको जोलीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी तिच्या हातची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल खाल्ले होते. मी तिला पाहिलं नाही. मी यायच्या दोन वर्षं आधी ती गेली. गेली तेव्हाही, व्हर्जिल म्हणायचे, ती बरीचशी आधीच गेलेली होती. शेवटी शेवटी ती त्यांना "टपालवाले" म्हणून हाक मारायची आणि दारात उभं राहून विचारायची, "माझं काही आहे का?"

मी वाचनालयात काम करायचे. आमचं बोलणं व्हायचं ते रात्रीची भांडी घासताना. पहिल्याच दिवशी मी त्यांना मिस्टर कुचेरा म्हटलं, तर म्हणाले, "ते माझे वडील. ते स्मशानात आहेत. मी व्हर्जिल."

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी घरी आले तर स्वयंपाकघराच्या टेबलावर रस्त्यांचा नकाशा पसरलेला. त्यावर भिंग, पेन्सिल आणि अर्धं खाल्लेलं, काकडीचं लोणचं घातलेलं सँडविच.

"पोरी, इकडे ये. तुझे डोळे तरणे आहेत. इथून मॅरियनपर्यंत सरकारी मुतारी किती ठिकाणी आहे बघ."

"मॅरियनला कशाला?"

"मॅचला."

मला हसू आलं, कारण या घरात मॅच हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी अख्खं विल्सन क्रीक विटकरी रंगाचे सदरे घालून फिरायचं, पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, न्हाव्याकडे रेडिओवर क्रेन्सची, म्हणजे मॅरियनच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचीच मॅच चालू असायची. व्हर्जिल तेवढे त्या वेळी गवत कापायचे. यंत्राच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नसे.

"तुम्हाला फुटबॉल आवडत नाही ना?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "एकोणतीस वर्षं माझी तिथे जागा होती," ते म्हणाले. "चौदा नंबरचा जिना, अडतिसावी ओळ. नऊ नंबर मी, दहा नंबर जोलीन."

मॅरियनच्या कॉलेजात ते एक दिवसही शिकले नव्हते. जोलीनही नाही. तरी ते कॉलेज त्यांचं होतं, जसं ते त्या राज्यातल्या प्रत्येक वाण्याचं, पाद्र्याचं आणि डुकरं पाळणाऱ्याचं होतं. वर्षातून सात शनिवार चार तास गाडी हाकत जायचं, लोखंडी बाकावर बसायचं, ओरडायचं आणि परत यायचं.

त्या रात्री भांडी तशीच राहिली. त्यांनी मला मर्नाबद्दल सांगितलं.

अकरा नंबरला मर्ना बसायची, बाराला तिचा नवरा रॉजर. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाहून यायचे, डुकरांचा धंदा. पहिल्या वर्षी नुसतं हसणं. दुसऱ्या वर्षी मर्नाने घरचं काकडीचं लोणचं आणलं, जोलीनने रोल नेले. मग एकोणतीस वर्षं. मर्नाचं गुडघ्याचं ऑपरेशन, तिच्या मुलीचा घटस्फोट, जोलीनचं रिकामं गेलेलं बाळंतपण, सगळं त्या दोघी एकमेकींना पहिल्या डावापासून चौथ्या डावापर्यंत सांगत. जोलीन मॅच बघतच नसे. लोक उठले की उठायची, बसले की बसायची आणि पंचाला चुकीच्या वेळी शिव्या घालायची. मर्नाने एकदा तिला विचारलं होतं, "जोलीन, आपली टीम कुठल्या बाजूला पळतेय माहीत आहे का तुला?" जोलीन म्हणाली होती, "ज्या बाजूला ते दमून परत येतात त्याच्या उलट."

"फोन नंबर?" मी विचारलं.

"कधी घेतलाच नाही. कशाला घ्यायचा? पुढच्या मॅचला भेटणारच होतो." त्यांनी नकाशाचा कोपरा सरळ केला. "आडनावसुद्धा नक्की माहीत नाही. स्टॅडलर की स्टाटलर. अडतीस वर्षं मी लोकांची नावं वाचून पोट भरलं, आणि तिचं नाव मी कधी लिहिलेलं बघितलं नाही."

जागा दर वर्षी वसंतात नव्याने नोंदवायच्या असत. ज्या वर्षी तो कागद आला त्याच आठवड्यात जोलीन पहाटे बर्फात अनवाणी निघून गेली आणि तीन मैलांवर सापडली. कागद टेबलावर राहिला. मुदत टळली. एकदा सुटलेली जागा परत मिळत नाही. तिच्यासाठी लोक आपल्या मृत्युपत्रात ओळी लिहितात.

"तर मर्नाला माहीत नाही," व्हर्जिल म्हणाले.

"काय?"

"जोलीन गेली ते." त्यांनी पेन्सिल उचलून नकाशाच्या कडेला लावली. "गावात सगळ्यांना माहीत आहे. बँकेतली पोरगी, न्हावी, डार्विन. मी दारातून आत शिरलो की आधी त्यांच्या डोळ्यांत ते येतं, मग मी येतो. ही एकच बाई अशी आहे जिच्या लेखी जोलीन अजून कुठेतरी आहे. तिच्यावर रागावली असेल ती. म्हणत असेल, काय माणसं, सांगून तरी जायचं. पण रागवायचं म्हणजे माणूस जिवंत लागतं."

"मग सांगायला कशाला जाताय?"

"कारण तिने त्या वर्षी पहिल्या मॅचला आमची वाट बघितली असणार. तिने लोणचं आणलं असणार."

 मी नकाशावर चार मुताऱ्या शोधून दिल्या.

होमकमिंग म्हणजे जुनी मुलं परत येतात तो शनिवार, ऑक्टोबरचा तिसरा. तो सणासारखा ठरलेला होता, कॅलेंडर बघायची गरजच नसे. त्या दिवशी विल्सन क्रीकमध्ये कुणी लग्न ठेवत नसे. एका बाहेरगावच्या जावयाने ठेवलं तेव्हा, सांगतात, पाद्रीच कानात रेडिओची तार घालून उभा होता आणि "मान्य आहे का?" ऐवजी "पकड त्याला!" म्हणाला होता. व्हर्जिलनी तोच शनिवार धरला. इतर मॅचला मर्ना एखादे वेळी चुकेल, होमकमिंगला चुकणार नाही. तिकिटं गेटबाहेर मिळतात, जादाची तिकिटं हातात धरून लोक उभे असतात. आत शिरायचं आणि मध्यंतरात चौदाच्या जिन्याने वर जायचं.

मॅरियनच्या मोटेलला त्यांनी माझ्यासमोरच फोन केला.

"दोन खोल्या हव्यात. तळमजल्यावर. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार... हो, आहेत? नीट बघ गं बाई, घाई करू नकोस, तो शनिवार आहे... हव्या तेवढ्या?" त्यांनी फोनवर हात ठेवला आणि डोळे मोठे करून मला म्हणाले, "पूर्वी वर्ष वर्ष आधी सांगावं लागायचं. नशीब बघ!"

दुसरी खोली माझी होती. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही असं मी सांगितलं, तर म्हणाले, "मग तू जोलीनसारखीच बसशील. बरं पडेल."

त्यानंतरचे दोन महिने त्या घरात काहीतरी सुरू झालं होतं. ते संध्याकाळी गायब व्हायला लागले. एकदा वाचनालयातून येताना मी त्यांना शाळेच्या मैदानावर पाहिलं. तिथे प्रेक्षकांसाठी बारा पायऱ्यांची फळकुटं आहेत. व्हर्जिल कठडा धरून वर चढत होते, वर पोचले की थांबून श्वास घेत होते आणि उतरत होते. मी कुंपणापाशी उभी राहिले. त्यांनी तीनदा चढउतार केली.

"बारा त्रिक छत्तीस," मला बघून ते म्हणाले. गुडघा चोळत होते. "अजून दोन कमी पडतात."

कपाटातून विटकरी स्वेटर निघाला. त्याला कसर लागली होती, तो त्यांनी स्वतः रफू केला, टपालाच्या पिशव्या शिवायच्या जाड टाक्याने. मर्नाला काय सांगायचं तेही ते मनात जुळवत असावेत. बागेत टोमॅटो तोडताना एकदा मी ऐकलं: "मर्ना, अगं, असं झालं..." मग थांबले. मग पुन्हा, जरा वेगळ्या आवाजात, "मर्ना, अगं, असं झालं..." त्यापुढे वाक्य गेलं नाही. टोपली भरून ते आत आले आणि टोमॅटो किती पिकलेत यावर बोलले.

ही गोष्ट त्यांनी गावात कुणालाही सांगितली नव्हती. "डार्विनला सांगितलं की तालुक्याला सांगितलं," म्हणायचे. डार्विन बेनेश त्यांचा शाळेपासूनचा मित्र, आधी पशुखाद्याचं दुकान चालवायचा आणि आता फक्त जीभ चालवायचा. धान्य सोसायटीच्या कोपऱ्यात कॉफीचं एक टेबल होतं, तिथे सकाळी सात ते नऊ त्याचा दरबार. गुरुवारी वाचनालय उशिरा उघडत असे, म्हणून गुरुवारी मीही व्हर्जिलबरोबर तिथे जायचे.

त्या गुरुवारी डार्विन म्हणाला, "व्हर्ज, शनिवारी माझ्या भाच्याकडे मक्याच्या कापणीला ट्रक चालवायला ये. त्याला माणूस कमी पडतंय."

"शनिवारी नाही जमणार."

"का? पोपने बोलावलंय?"

व्हर्जिलनी माझ्याकडे पाहिलं. दोनच दिवस उरले होते. आता सांगायला हरकत नव्हती. किंवा त्यांनाच सांगायचं होतं, कोणास ठाऊक. "मॅरियनला चाललोय," ते म्हणाले. "मॅचला."

टेबलावरचे सगळे त्यांच्याकडे वळले. या लोकांनाही माहीत होतं की सात वर्षं व्हर्जिल त्या वाटेला गेले नव्हते. डार्विनने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी हळवं येत होतं, मग ते अडलं.

"कुठल्या मॅचला?"

"कुठल्या म्हणजे? होमकमिंग."

"होमकमिंग गेल्या शनिवारी झालं, व्हर्ज."

"वेडा आहेस का? तिसरा शनिवार."

"तिसऱ्या शनिवारची पद्धत कधीच गेली! आपण नवीन लीगमध्ये गेलो, टीव्हीवाल्यांनी सगळं उलटंपालटं केलं, तीन वर्षं झाली त्याला. या शनिवारी मॅचच नाही. क्रेन्स सुट्टीवर आहेत. घरी बसून पाय शेकतायत." आणि मग त्याला राहवलं नाही. तो हसायला लागला, आधी पोटातून, मग टेबलावर हात आपटत. "सात वर्षांनी माणूस चर्चला निघाला, आणि निघाला तोही सोमवारी!"

सगळं टेबल हसलं. कॉफी देणारी बाईसुद्धा. व्हर्जिलही हसले. "तरीच म्हटलं, मोटेलवाली इतकी गोड कशी बोलतेय," असं म्हणून त्यांनी दुसरं हसू मिळवलं आणि कॉफी संपवली. पण त्यांचे कान लाल झाले होते.

पिकअपने आम्ही सोसायटीपासून वाचनालयापर्यंत आलो. मी उतरताना म्हटलं, "पुढची मॅच नोव्हेंबरात असेल. खोल्या रद्द करता येतील."

"येतील."

इंजिन चालूच होतं.

"तुझी सुट्टी मंजूर झालीय ना?"

"हो."

"मग जाऊ," ते म्हणाले. "सँडविचचं सामान आणलंय."

शुक्रवारी नऊला निघालो. दोन्ही बाजूंना कापणीची धूळ, मध्येच शेतातून सरकणारी यंत्रं. चारही मुताऱ्यांपाशी थांबलो. तिसरीनंतर एका खानावळीत चिली आणि दालचिनीचा रोल खाल्ला. व्हर्जिलनी रोलचा तुकडा चिलीत बुडवून खाल्ला, आणि जोलीनच्या रोलमध्ये लोणी जास्त असायचं एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी मॅरियनमध्ये ऊन होतं. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीन विद्यार्थी सायकली ढकलत चालले होते, एक म्हातारी कुत्रा फिरवत होती. व्हर्जिल रस्त्याच्या मधोमध थांबले.

"इथे झाडं आहेत," ते म्हणाले.

दोन्ही बाजूंना मोठी ओकची झाडं होती. खूप जुनी.

"एकोणतीस वर्षं मी या रस्त्याने चाललो. मला फक्त माणसांच्या पाठी दिसायच्या."

स्टेडियमचं उत्तरेचं गेट उघडं होतं, कारण आत बँडचा सराव चालू होता. दोनशे पोरं, ढोल, पितळी वाद्यं, अंगात चुरगळलेले सदरे. रिकाम्या बाकांवरून त्यांचा आवाज घरंगळत परत यायचा, त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा ऐकू यायची. गेटवर कुणी विचारलं नाही. आम्ही चौदाच्या जिन्यापाशी आलो आणि व्हर्जिल चढायला लागले. विसाव्या ओळीवर थांबले. एकतिसाव्यावर पुन्हा. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी पाहिला नाही असं दाखवलं.

अडतिसावी ओळ बाकी ओळींसारखीच होती. पत्र्याचा लांब बाक, त्यावर रंगवलेले आकडे. नऊ नंबर त्यांनी तळहाताने झटकला आणि बसले. मी त्यांच्या पलीकडे जाऊन दहावर बसायला लागले.

"तिथे नको," ते पटकन म्हणाले. मग शरमले. "म्हणजे, बस की. नाही, इकडे बस. इकडून बँड चांगला दिसतो."

मी आठवर बसले.

बराच वेळ आम्ही नुसते ऐकत होतो. बँडमास्तर भोंग्यातून ओरडून पोरांना थांबवायचा, पोरं मागे जायची, पुन्हा तीच धून सुरुवातीपासून. ती धून कधीच शेवटपर्यंत जात नव्हती. व्हर्जिलचा पाय मात्र पुढचा भाग वाजवत राहायचा.

"इथे," ते दहा नंबरकडे बोट न दाखवता म्हणाले, "तिने एकदा कॉफी सांडली. पुढच्या ओळीतल्या बिशपच्या टोपीत. मर्ना इतकी हसली की रॉजरला वाटलं आपण गोल केला, तो उठून नाचला." ते हसले. मग हसू तसंच ठेवून म्हणाले, "परवा डार्विन हसला ना, तेव्हा मला काय वाटलं सांगू?"

"काय?"

"हायसं वाटलं. लाज वाटली, पण आधी हायसं वाटलं. म्हटलं, चला, अजून सांगायचं नाही. अजून तिकडे कुठेतरी कुणीतरी म्हणतंय, ही जोलीन कुठे उलथली." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "मी तारीख तपासली नाही. टपालातला माणूस मी. तारखेचा शिक्का मारत आयुष्य गेलं. आणि मी तपासली नाही."

बाकाचा पत्रा उन्हाने कोमट झाला होता.

खालून कुणीतरी चढत येत होतं. सत्तरी उलटलेला, लांब, वाकलेला माणूस, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. तो तिसाव्या ओळीपाशी थांबला आणि डोळ्यांवर हात धरून त्याने वर बघितलं.

"चौदामध्ये आज कुणाला जागा दाखवलेली मला आठवत नाही!"

"तू कधी दाखवलीस, ऑरिन? आम्हीच तुला दाखवायचो," व्हर्जिल म्हणाले.

तो माणूस तिथेच उभा राहिला. "नऊ नंबर," तो म्हणाला. "कुचेरा! अरे, मला वाटलं मेलास."

"मलाही मधूनमधून वाटतं."

ऑरिन धापा टाकत वर आला आणि जिन्याच्या पायरीवरच बसला. चाळीस वर्षं तो चौदाच्या जिन्यावर उभा होता, मॅच असेल तेव्हा लोकांना जागा दाखवायला, नसेल तेव्हा कुलपं लावायला. "आज रे कसा? आज मॅच नाही हे कुत्र्यामांजरांना माहीत आहे."

"गर्दी आवडत नाही आता."

"कुचेराला गर्दी आवडत नाही! तुझ्या जागेवर दोन तरुण पोरं बसतात. चांगली आहेत बिचारी. मर्ना त्यांना अजून पाहुणे म्हणते."

व्हर्जिलचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला. "येते ती?"

"येते म्हणजे? एक मॅच चुकवत नाही. रॉजरला आता ऐकू येत नाही, तरी ओरडतो, उलट जास्तच ओरडतो. आणि दर वर्षी पहिल्या मॅचला ती खाली माझ्याकडे येते आणि विचारते, ऑरिन, कुचेरा दिसले का. मी म्हणतो नाही. ती म्हणते, जोलीनला सांग मी रागावलेय. आता मी कुठे सांगणार जोलीनला? मला काय तुझा पत्ता माहीत?" त्याने किल्ल्या गळ्यातून काढून मांडीवर ठेवल्या. "बरी आहे ना जोलीन?"

खाली बँडमास्तरने पुन्हा थांबवलं होतं. पोरं जागेवर परत जात होती, बूट गवतावर घासत.

व्हर्जिलनी दहा नंबरकडे पाहिलं. त्यांचे ओठ एकदा हलले, बागेत टोमॅटो तोडताना हलायचे तसेच, आणि थांबले. मला वाटलं ते म्हणणार, बरी आहे. ते तसं म्हणाले असते तर मीही गप्प बसले असते.

"नोव्हेंबरच्या मॅचचं तिकीट मिळेल का?" त्यांनी विचारलं. "कुठेही चालेल. पार वर असलं तरी."

"तुझ्यासाठी मी काढीन कुठून तरी. शेजारी शेजारी मिळतील की नाही सांगता येत नाही."

"एकच हवंय," व्हर्जिल म्हणाले.

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मग व्हर्जिलकडे, मग दहा नंबरच्या आकड्याकडे. चाळीस वर्षं तो जिन्यावर उभा राहून माणसं मोजत आला होता. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कधी?"

"पाच वर्षं झाली."

"अरे रे," ऑरिन हळू म्हणाला. "ती मला पाव द्यायची, तो गोड. कागदात गुंडाळून."

"हो. तुझा वेगळा काढून ठेवायची."

बँड सुरू झाला. या वेळी धून मधल्या अडचणीच्या जागेच्या पुढे गेली. ऑरिनने टोपी परत घातली.

"मर्नाला मी सांगू का? म्हणजे तुला सोपं जाईल. मी फोन करतो, तिचा नंबर ऑफिसात असेल."

"नको," व्हर्जिल म्हणाले. "ते माझं काम आहे. तू फक्त मी येतोय एवढं सांग."

"सांगतो." ऑरिन कठड्याला धरून उठला. किल्ल्या वाजल्या. "पण मॅच किती वाजता सुरू होईल ते आज नाही सांगता येणार. सकाळी अकरा, दुपारी अडीच, नाहीतर दिवे लागल्यावर. टीव्हीवाले आदल्या आठवड्यात ठरवतात."

"ठरवू देत," व्हर्जिल म्हणाले. "मी सकाळपासूनच येऊन बसेन."